तीस हजार व्होल्ट कुठून आणायचे?

प्रश्न : परदेशात बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी घरी अणुसंमीलन, म्हणजे फ्यूजन, घडवल्याचे वाचले. त्यासाठी तीस-चाळीस हजार व्होल्टचा वीजपुरवठा लागतो म्हणे. मी इलेक्ट्रिकलच्या पदविकेला आहे. जुन्या टीव्हीचा ईएचटी (चित्रनळीला उच्च दाब देणारा ट्रान्सफॉर्मर), मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर किंवा निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर वापरून असा पुरवठा इथे बनवता येईल का?
(एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : वाचलेत ते खरे आहे. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या जॅक्सन ओस्वाल्टने १९ जानेवारी २०१८ रोजी, तेरावा वाढदिवस काही तासांवर आला असताना, घरच्या प्रयोगशाळेत ड्यूटेरियमचे संमीलन घडवले. गिनेसने त्याची नोंद घेतली आहे. त्याआधी २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या जेमी एडवर्ड्सने तेराव्या वर्षी शाळेत आणि २००८ मध्ये अमेरिकेत टेलर विल्सनने चौदाव्या वर्षी हेच केले होते.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे : तीस हजार व्होल्ट उभे करणे जळगावात अवघड नाही. ते एका लहरी यंत्राला सतत पुरवत राहणे अवघड, आणि काम झाल्यावर ते सुखरूप शून्यावर आणणे त्याहून अवघड. तुम्ही लिहिलेल्या तीन वस्तूंपैकी एकही जशीच्या तशी चालणार नाही. कारणे सविस्तर सांगतो, कारण खरे शिक्षण त्या कारणांतच आहे.

या यंत्राला फ्यूझर म्हणतात. ते शोधून काढले फिलो फार्न्सवर्थने. १९२७ मध्ये पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने टीव्हीवर चित्र उमटवणारा तो हाच. निर्वात नळ्यांत इलेक्ट्रॉन कसे वागतात हे पाहता पाहता त्याला ही कल्पना सुचली. १९६० च्या दशकात आयटीटी कंपनीच्या फोर्ट वेन येथील प्रयोगशाळेत त्याने तिच्यावर काम केले. तिथेच रॉबर्ट हर्शने यंत्र पुढे नेले आणि १९६७ मध्ये आपला प्रसिद्ध शोधनिबंध छापला. तेव्हा जुन्या टीव्हीच्या पोटातला ईएचटी पाहून तुम्हाला फ्यूजन आठवावे, यात इतिहासाच्या दृष्टीने काही गैर नाही.

रचना साधी आहे. स्टीलचा पोकळ गोळा आणि त्याच्या मधोमध टंगस्टनच्या किंवा तत्सम तारेचा लिंबाएवढा पिंजरा. गोळा अर्थ केलेला, पिंजऱ्याला ऋण तीस हजार व्होल्ट. आतली हवा पंपाने काढून थोडा ड्यूटेरियम वायू सोडायचा, इतका थोडा की आतला दाब बाहेरच्या वातावरणाच्या साधारण पाऊण लाखाव्या हिश्शाएवढा राहावा. या विरळ वायूत विजेचा झगमगाट सुरू होतो, अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि उरलेले धन आयन पिंजऱ्याकडे वेगाने ओढले जातात. बरेचसे तारांच्या फटींतून आरपार जातात, पलीकडे थबकतात, पुन्हा आत येतात. या ये-जा करण्यात एखादा आयन दुसऱ्या ड्यूटेरियमवर असा आदळतो की दोघे एक होतात. निम्म्या वेळा हेलियम-३ आणि २.४५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन निघतो, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन.

एवढे व्होल्ट कशाला लागतात? दोन्ही केंद्रके धनभारित, एकमेकांना ढकलणारी. त्यांना जवळ आणायला वेग हवा आणि वेग व्होल्टमधून येतो. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा म्हणजे सुमारे ११,६०० अंश तापमान, असा हिशेब धरतात. त्या मापाने तीस हजार व्होल्टमधून पडलेला आयन सुमारे ३५ कोटी अंशांच्या वायूतल्या कणाइतका वेगवान असतो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी अंश आहे. व्होल्ट दुपटीने वाढवले की संमीलनाची शक्यता या टप्प्यात दुपटीवर न थांबता कित्येक पटींनी चढते. म्हणून हौशी लोक वीस हजारांवर समाधान मानत नाहीत. चाळीस, पन्नास हजारांकडे त्यांचे डोळे लागलेले असतात.

आता तुमच्या यादीकडे वळू.

टीव्हीचा ईएचटी पंचवीस हजार व्होल्टपर्यंत देतो, पण प्रवाह एखादा मिलिअँपिअर. फ्यूझरला दहा मिलिअँपिअरच्या आसपास हवा. शिवाय अलीकडच्या ईएचटीत डायोड आतच बसवलेले असतात आणि बाहेर येणारा विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, धन असतो. आपल्याला हवा ऋण. वायूत नुसता जांभळा झगमगाट पाहायला तो कदाचित पुरेल, संमीलनाला नाही.

निऑन पाटीच्या जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर १५,००० व्होल्ट लिहिलेले असतात, पण त्याच्या सेकंडरीचा मधला बिंदू लोखंडी गाभ्याला जोडून अर्थ केलेला असतो. म्हणजे अर्थपासून मोजाल तर प्रत्येक बाजूला साडेसात हजारच, आणि डायोड लावल्यावर त्याचे शिखर साडेदहा हजारांच्या थोडे वर. ती मधली जोडणी तोडली तर आतल्या वाइंडिंगचे इन्सुलेशन दुप्पट दाब सोसण्यासाठी बनवलेलेच नाही.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला हात लावू नका. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, विनवून सांगतो. दोन हजार व्होल्ट आणि त्यामागे अर्ध्या अँपिअरच्या घरातला प्रवाह, हे माणसाला मारण्यासाठी पुरेपूर आहे. लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या नादात या ट्रान्सफॉर्मरने अमेरिकेत अनेकांचे प्राण घेतले आणि तिथल्या लाकूडकाम करणाऱ्यांच्या संघटनेला आपल्या कार्यक्रमांतून ही कला बंद करावी लागली. असे चार-पाच ट्रान्सफॉर्मर मालिकेत जोडून दाब वाढवावा, असेही कुणी सुचवेल. सेकंडरीचे एक टोक गाभ्यालाच जोडलेले असल्याने वरच्या ट्रान्सफॉर्मरचा अख्खा गाभा हजारो व्होल्टवर जातो.

परदेशी हौशी मंडळी बहुधा दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे यंत्राचा ट्रान्सफॉर्मर शोधतात. साठ-सत्तर हजार व्होल्ट, काही मिलिअँपिअर, तेलात बुडवलेला : वस्तू योग्य आहे. मात्र तो क्षणभराच्या चित्रासाठी बनवलेला असतो, मिनिटामागून मिनिटे चालवला तर तापतो. आणि आपल्याकडे एक्स-रे यंत्र वापरातून काढण्यावरही अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. भंगारात मिळाला म्हणून उचलून आणण्याची ती चीज नव्हे.

मग उरतो स्वतः बांधण्याचा मार्ग. इथे गुणक परिपथ कामी येतो. हाइनरिख ग्राइनाकर या स्विस शास्त्रज्ञाने तो आधी मांडला आणि कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन या जोडीने केंब्रिजमध्ये त्याच्या जोरावर एप्रिल १९३२ मध्ये लिथियमचे केंद्रक फोडले. त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल मिळाले. खोल विहिरीचे पाणी एका दमात न खेचता टप्प्याटप्प्याच्या टाक्यांत चढवावे, तसे डायोड आणि कपॅसिटर यांच्या पायऱ्यांवरून हा परिपथ विद्युतभार वर चढवतो. प्रत्येक पायरीवर दाब थोडा, एकूण बेरीज मोठी. डायोडची दिशा उलटी बसवली की दाब ऋण मिळतो, जो आपल्याला हवा आहे.

या परिपथाची खोड अशी की प्रवाह मागितला की तो खचतो, आणि पायऱ्या वाढवाल तसा खच पायऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उदाहरण घ्या. चार पायऱ्या, प्रत्येक कपॅसिटर १० नॅनोफॅरड, वारंवारता ५० किलोहर्ट्झ, प्रवाह १० मिलिअँपिअर. हिशेब केला तर खच येतो सुमारे एक हजार व्होल्ट. चाळीस हजारांत एक हजार गेले, चालेल. तेच पायऱ्या आठ केल्या तर खच सात हजारांच्या पुढे. आणि ५० किलोहर्ट्झऐवजी घरच्या ५० हर्ट्झवर चालवायचे म्हटले तर हेच कपॅसिटर हजार पट मोठे लागतील. म्हणूनच आजची मंडळी आधी इन्व्हर्टरने वारंवारता वाढवतात, फेराइटच्या गाभ्यावर सेकंडरी गुंडाळतात आणि मग मोजक्याच पायऱ्या लावतात.

गुंडाळणीबद्दल एक सांगतो, कारण आपल्याकडे मोटर वाइंडिंगचे कसबी कारागीर पुष्कळ आहेत आणि तुम्हाला त्यांच्याकडे जावेसे वाटेल. पाणबुडी मोटरचे वाइंडिंग आणि तीस हजार व्होल्टचे वाइंडिंग यांत तारेचा फरक नसतो, हवेचा असतो. वार्निशमध्ये किंवा इपॉक्सीत राहिलेला बारीकसा बुडबुडा ४१५ व्होल्टला काहीच करत नाही. उच्च दाबाला मात्र विद्युतक्षेत्र त्या बुडबुड्यातच एकवटते, आत न दिसणाऱ्या ठिणग्या पडत राहतात आणि भोवतालचे इन्सुलेशन कुरतडले जाते. नवे असताना चाचणीत पास झालेले वाइंडिंग काही आठवड्यांनी अचानक फुटते ते असे. उपाय जुनाच आहे : निर्वातात वार्निश भरणे, नाहीतर सगळे ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवणे. भारतीय मानकानुसार नवे तेल अडीच मिलिमीटरच्या फटीत किमान ३० हजार व्होल्ट सोसायला हवे. हवेत तेवढ्यासाठी सेंटिमीटरभर अंतर लागते, तेही दोन्ही टोके गोलसर आणि गुळगुळीत असतील तर. टोकदार सोल्डर, तुटलेल्या तारेचे केस, धुळीचा थर यांवरून हवेत आधीच सरसर सुरू होते. पावसाळ्यात ३३ हजारांच्या लाइनखाली जो आवाज येतो, तोच.

पुरवठा तयार झाला असे समजू. आता त्याच्यापुढे जे यंत्र येते ते हीटर किंवा बल्बसारखे सरळ वागत नाही. वायूतली वीज वाहू लागली की तिला आणखी वाहावेसे वाटते. प्रवाह वाढतो तसा तिचा रोध घटतो. वायू किंचित जास्त झाला की प्रवाह उसळतो आणि व्होल्ट कोसळतात. वायू कमी झाला की झगमगाट विझतो आणि व्होल्ट एकदम शिखरावर जातात. मधेच पिंजऱ्यावरच्या एखाद्या मळलेल्या ठिकाणाहून आर्क पडते, म्हणजे क्षणभर सरळ शॉर्ट. म्हणून पुरवठा आणि पिंजरा यांच्यामध्ये एक मोठा रोध टाकावाच लागतो. एक लाख ओहमचा धरला, तर दहा मिलिअँपिअरला त्याच्यावर हजार व्होल्ट खर्ची पडतात आणि तो दहाच वॉट तापतो. शॉर्ट झाला की मात्र तोच प्रवाहाला ०.३ अँपिअरवर अडवतो आणि त्या क्षणी त्याच्या अंगावर नऊ हजार वॉट येतात. चौथाई वॉटचे बाजारी रेझिस्टर ओळीने जोडून हे होत नाही. लांब, वायरवाउंड, तेलात बुडवलेले लागतात.

मोजमापही असेच जपून. हातातला मल्टिमीटर हजार व्होल्टला संपतो. दहा मेगओहमचे शंभर रोध मालिकेत जोडून एक गिगओहमची साखळी करायची आणि तळाच्या एक लाख ओहमवर मीटर लावायचा. वर तीस हजार असतील तर खाली तीन व्होल्ट दिसतात. प्रवाह नेहमी अर्थच्या बाजूला मोजायचा, उच्च दाबाच्या बाजूला कधीच नाही.

आता बंद करण्याविषयी. वर सांगितलेल्या चार पायऱ्यांच्या गुणकात पायरीमागे दोन असे आठ कपॅसिटर आहेत आणि प्रत्येकी दहा हजार व्होल्ट. सगळ्यांत मिळून चार जूल ऊर्जा साठते. झटका जबर बसेल. पण कुणी दाब गुळगुळीत करायला ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर चाळीस हजारांवर लावला, तर त्यात ८० जूल साठतात. स्विच बंद, प्लग काढलेला, दिवा विझलेला, आणि ८० जूल तिथेच बसलेले. एका हातातून दुसऱ्या हातात गेले तर हृदय थांबू शकते. शिवाय काही कपॅसिटर एकदा रिकामे केल्यावरही काही वेळाने आपोआप थोडे भरतात, आतल्या पदार्थात अडकलेला भार हळूहळू बाहेर येतो. म्हणून कपॅसिटरला कायमचा गळती-रोध हवा, आणि हात घालण्याआधी लांब दांड्याचा डिस्चार्ज रॉड लावून तो काम संपेपर्यंत तसाच टेकवून ठेवायला हवा. माझ्या मते एखाद्याचा पुरवठा किती चांगला हे ठरवताना तो किती व्होल्टपर्यंत चढला हे विचारू नये. आर्क पडल्यावर तो किती लवकर थांबतो आणि थांबल्यावर आत किती जूल उरतात, हे विचारावे.

आपल्या भागापुरती एक जास्तीची काळजी अर्थिंगची. काळ्या जमिनीला मे महिन्यात भेगा पडतात, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा होतो आणि पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थ उन्हाळ्यात निकामी होते. पारा ४५ अंशांवर गेला की तेल आणि रोध दोन्ही आधीच तापलेले असतात. अशा दिवसांत असा प्रयोग करू नये.

आणि क्ष-किरण. आयन आत धावतात तसे इलेक्ट्रॉन बाहेरच्या गोळ्यावर आदळतात, आणि तीस हजार व्होल्टचा इलेक्ट्रॉन धातूवर आदळला की क्ष-किरण निघतात. एक्स-रे नळीचे काम याहून वेगळे नाही. तीसेक हजारांपर्यंत स्टीलची जाड भिंत त्यांतले बहुतेक अडवते, पण आत डोकावण्यासाठी ठेवलेली काच अडवत नाही. टीव्हीच्या जाड काचेत शिसे असायचे ते यासाठीच. जाणकार मंडळी काचेसमोर कॅमेरा ठेवतात आणि चित्र दुसऱ्या खोलीत पाहतात.

प्रश्न : मी रेल्वेत ओएचईच्या, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारांच्या, कामावर होतो. आमच्या डोक्यावर आयुष्यभर पंचवीस हजार व्होल्ट होते. तीस हजारांचे एवढे अप्रूप का?
(एक निवृत्त कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : आकड्यांत तुमचे म्हणणे बरोबर आहे. ओएचईचे २५ हजार हे एसीचे परिणामी (आरएमएस) माप. त्याचे शिखर ३५ हजारांच्या वर जाते. ते डायोडमधून नेले तर फ्यूझरला लागतो नेमका तेवढा डीसी दाब मिळेल. विजेवरच्या इंजिनात याच्या उलट घडते : ट्रान्सफॉर्मर तो दाब खाली आणतो आणि मग मोटरींसाठी त्याचा डीसी होतो.

फरक तारेमागे उभ्या असलेल्या ताकदीचा आहे. रेल्वेच्या एका ट्रॅक्शन सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर वीस एमव्हीएच्या आसपास असतो. फ्यूझरला तीस हजार व्होल्ट गुणिले दहा मिलिअँपिअर, म्हणजे ३०० वॉट लागतात, अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरपेक्षा कमी. ओएचईवर ठिणगी पडली तर हजारो अँपिअर धावतात. वाघिणीवर चढून फोटो काढणारी मुले तारेला न शिवताही जळतात ती त्यामुळे. गावाकडे डीपी, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, उलटी भरून ११ हजार व्होल्ट काढण्याचा विचार काही उत्साही मुलांच्या डोक्यात येतो, त्यांनाही हेच लागू. फ्यूझरसाठी हवा तो दाब तेवढाच, पण मागे ताकद जाणूनबुजून तोकडी ठेवलेला पुरवठा.

तुमच्याकडून या मुलांनी शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेतली वीज बंद केल्याची लेखी हमी, घेतल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय तुमच्यापैकी कुणी तारेला हात लावत नसे. ब्लॉक कागदावर मिळाला तरी रॉड लावायचाच. हौशी प्रयोगशाळांत नेमकी हीच शिस्त कमी पडते. तुमच्या ओळखीत इलेक्ट्रिकलची मुले असतील तर एक संध्याकाळ त्यांना ती शिस्त शिकवा. कोणत्याही पुस्तकापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न : या यंत्रातून किती वीज मिळते? वर्गात मुले विचारतात.
(एक शिक्षिका, धुळे)

उत्तर : मिळत काहीच नाही, जातेच. मुलांना फळ्यावर हा हिशेब करून दाखवा. हौशी फ्यूझरने सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन दिले तर ती चांगली कामगिरी समजतात. न्यूट्रॉन निम्म्याच संमीलनांत निघतो, म्हणजे सेकंदाला वीस लाख संमीलने. प्रत्येकातून सरासरी ३.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जूलमध्ये आणले तर एकूण निघते वॉटचा सुमारे दहा लाखावा भाग. आत घातले ३०० वॉट. परतावा सुमारे २५ कोटींत एक.

बहुतेक आयन संमीलन न करता पिंजऱ्याच्या तारेवर किंवा वाटेतल्या वायूच्या अणूंवर आदळून आपला वेग उष्णतेत घालवतात. पिंजरा लाल होतो तो त्याच वाया गेलेल्या विजेने. व्होल्ट वाढवून हे दुरुस्त होत नाही, रचनेतच ते आहे. म्हणून वीजनिर्मितीसाठी जग वेगळ्या यंत्रांकडे, चुंबकीय पिंजऱ्यांकडे, गेले. होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेचे अध्यक्ष या नात्याने वीस वर्षांत नियंत्रित फ्यूजन साधेल असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही, पण त्या विचाराच्या वाटेवर भारत पुढे गेला आहे. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हा टोकामॅक, म्हणजे असाच एक चुंबकीय पिंजरा, १९८९ मध्ये सुरू झाला, नंतर एसएसटी-१ आला.

मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट वीजपुरवठ्याचीच आहे. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आंतरराष्ट्रीय इटर प्रकल्पाची पूर्वतयारी म्हणून इटलीतल्या पादुआ येथे स्पायडर नावाचे यंत्र २०१८ मध्ये सुरू झाले. त्यातले आयन वेगाने पुढे ढकलणारा ९६ हजार व्होल्ट, ७५ अँपिअरचा पुरवठा भारताने दिला आहे. म्हणजे ७२ लाख वॉट. असे पुरवठे एका प्रचंड ट्रान्सफॉर्मरऐवजी अनेक छोट्या कप्प्यांची मालिका करून बांधतात, म्हणजे आर्क पडताच सगळे कप्पे एकदम बंद करता येतात, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. जळगावच्या विद्यार्थ्याला वर जे सांगितले तेच इथे लाखो वॉटच्या पातळीवर करावे लागते.

आणि फ्यूजनची वीज धुळे जिल्ह्यात पाहायचीच असेल तर मुलांना साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला न्या. महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प तिथे २०१३ पासून आहे. त्या पट्ट्यांवर पडणारा प्रत्येक किरण सूर्याच्या गाभ्यातल्या संमीलनातून आलेला आहे. तो गाभा एका घनमीटरमागे तीनशे वॉटही देत नाही. सूर्य एवढा तळपतो तो आकारामुळे.

प्रश्न : ड्यूटेरियम कुठे मिळते आणि परवानगी लागते का?
(पहिल्याच विद्यार्थ्याचा जोडप्रश्न)

उत्तर : असते सगळीकडे. पाण्यातल्या साडेसहा हजारांच्या आसपास हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. तापीच्या एका लिटर पाण्यात तो तीस-पस्तीस मिलिग्रॅम निघेल. वेगळा करणे मात्र कारखान्याचे काम आहे. रायगड जिल्ह्यातल्या थळ येथे जड पाण्याचा मोठा कारखाना आहे आणि तो अणुऊर्जा विभागाच्या जड पाणी मंडळाकडे आहे. हा पदार्थ आपल्याकडे नियंत्रित यादीत आहे, दुकानात मागण्याचा नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे न्यूट्रॉन किंवा क्ष-किरण निर्माण करणारे यंत्र बांधायला आणि चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. अमेरिकेतल्या मुलाने गॅरेजमध्ये केले म्हणून इथे करता येईल, असे नाही. मला हा नियम योग्य वाटतो. न्यूट्रॉन दिसत नाही, त्याचा वास येत नाही, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाने प्रयोगाला होकार दिलेला नसतो.

पण मार्ग बंद नाही. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागात कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन पद्धतीचे १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन देणारे यंत्र आहे. त्यात ड्यूटेरियमचे आयन लाखाहून अधिक व्होल्टने ट्रिटियमच्या लक्ष्यावर सोडतात, आणि त्यावर अनेकांनी पीएचडी केली आहे. गुवाहाटीजवळच्या सोनापूर येथे प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या केंद्रात तर फ्यूझरच्या जातीचे यंत्र बांधून त्यावर शोधनिबंध निघाले आहेत. तिथवर पोहोचण्याआधी पदविकेच्या प्रकल्पासाठी एवढे करा : विभागाच्या प्रयोगशाळेत, शिक्षक समोर असताना, ड्यूटेरियमऐवजी साध्या हवेवर, प्रवाह बांधून ठेवलेल्या दोन-तीन हजार व्होल्टच्या तयार पुरवठ्याने काचेच्या नळीत झगमगाट घडवा. वायूचा दाब आणि व्होल्ट यांचा आलेख काढा, वायूचा रोध कसा घटतो ते मोजा, मोठा रोध काढल्यावर काय होईल ते कागदावर मांडा. फ्यूझरच्या पुरवठ्याचे निम्मे शास्त्र त्यात येते आणि क्ष-किरणांचा प्रश्न उद्भवत नाही. त्यापुढे संस्थेला खरोखर न्यूट्रॉनपर्यंत जायचे असेल, तर परवान्याचा अर्ज वैयक्तिक नावाने न करता संस्थेमार्फत करावा. नियामक मंडळाचे कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे आणि अर्ज त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून भरला जातो.